पाचही पर्याय कोरे

डलूथ, १६ सप्टेंबर

प्रिय सिग्रिड,

ताजी बातमी आधी. शेजारच्या लुसिंडा टिबेट्सनं वकिलीच्या कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेला नाव नोंदवलं आहे. परीक्षा जानेवारीत. दुजोरा खुद्द तिनंच दिला, आज सकाळी सव्वानऊला, माझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून, स्कूलबसची किल्ली बोटात फिरवत.

तू तिला ओळखत नाहीस. हिरव्या घरातले म्हातारे आउने मुलाकडे राहायला गेले आणि त्यांच्या जागी ही आली. वय सेहेचाळीस, तीन कुत्रे, नवरा नाही, आणि टेकडीवरच्या तीन शाळांची बस. गेल्या वसंतात ड्रायव्हरांच्या युनियनतर्फे तिनं एका सहकाऱ्याची बाजू मांडली आणि त्याची नोकरी वाचवली. सुनावणी घेणाऱ्या बाईंनी नंतर विचारलं, तुम्ही कुठल्या लॉ कॉलेजच्या? लुसिंडा म्हणाली, बस नंबर चौदाच्या. सगळे हसले. हिच्या मात्र तो प्रश्न डोक्यात बसला.

सकाळची फेरी नऊला संपते, दुपारची दोनला सुरू होते. मधल्या वेळात घरी कुत्रे अभ्यास करू देत नाहीत, म्हणून ती माझ्या टेबलावर बसते. एका भागाला पस्तीस मिनिटं असतात. घड्याळ धरून बसायचं काम माझं. “तुम्ही सदतीस वर्षं पेपरात काढलीत,” ती म्हणाली, “पान वेळेवर छापायला सोडायची सवय असेल. मला वेळेवर थांबवा, एवढंच करा.”

आल्बुकर्कीत माझी मुलगी हीच परीक्षा शिकवते, हे मी तिला दोन दिवस सांगितलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी सांगितलं. मग मुलीलाच का नाही विचारत, असं लुसिंडानं विचारलं. मी म्हणालो, टपाल फार हळू चालतं. मग फोन? मी कॉफी बघायला उठलो.

तर हे पत्र लुसिंडासाठी आहे. तिची अडचण अशी: एक छोटा युक्तिवाद देतात, खाली पाच पर्याय, आणि विचारतात की या युक्तिवादात दोष कोणता. अशा दहा प्रश्नांत तिचे चार चुकतात. काय करावं? उत्तर थेट तिलाच लिहिलंस तरी चालेल. पत्ता खाली दिला आहे. मला लिहायलाच हवं असं नाही.

चार वर्षांपूर्वी तू परत पाठवलेला माझा कागद अजून ड्रॉवरमध्ये आहे. या पत्राचा त्याच्याशी संबंध नाही. आहे हे फक्त कळवलं.

तुझा,
बाबा


डलूथ, २१ ऑक्टोबर

प्रिय सिग्रिड,

तुझं कार्ड पोचलं. दुजोरा लुसिंडाचा. शनिवारी ती ते हातात धरून कुंपण ओलांडून आली, फाटकापर्यंत जायचंही तिला सुचलं नाही. पुढच्या बाजूला निवडुंग, मागे तुझं बारीक अक्षर. तिनं मला मोठ्यानं वाचून दाखवलं. आधी निष्कर्ष शोधा. मग तो कशाच्या आधारावर उभा आहे ते बघा. दोष आधारात शोधू नका, आधार खरा मानून चाला. दोष असतो तो आधारापासून निष्कर्षापर्यंत मारलेल्या उडीत. आणि चुकलेल्या प्रश्नांची वही ठेवा. बरोबर उत्तर कोणतं ते त्यात लिहू नका. चुकीचं उत्तर तुम्हाला का आवडलं, ते लिहा.

वाचून झाल्यावर लुसिंडानं कार्ड दोनदा उलटसुलट करून पाहिलं. माझ्यासाठी काही आहे का ते ती बघत होती. मला कळलं, आणि मला कळलं हे तिलाही कळलं. मग ती म्हणाली, “बाई कडक आहे. मला आवडली.”

वही सुरू झाली आहे. पहिल्याच पानावर तिनं स्वतःची चूक मांडली: डिझेलशिवाय बस चालत नाही, टाकी भरलेली आहे, तेव्हा बस चालेल. खाली कारण लिहिलं आहे: ‘हे उत्तर आवडलं, कारण सप्टेंबरात ते खरं असतं. जानेवारीत उणे तीस असताना डेपोत येऊन बघा.’ गरजेची गोष्ट म्हणजे पुरेशी गोष्ट नव्हे, हे तिला आता कुणी शिकवायला नको.

आता एक कबुली. नुसतं घड्याळ धरून बसवेना, म्हणून मीही प्रश्न सोडवायला लागलो. माझीही वही आहे. सदतीस वर्षं लोकांची वाक्यं तपासून ज्यानं पोट भरलं त्याचे दहातले पाच चुकतात, हे बाहेर कुणाला सांगू नकोस. माझी खोड लुसिंडानं चार दिवसांत पकडली. कुठलाही युक्तिवाद दिला की मी एकच पर्याय धरतो: ‘लेखकानं दुसऱ्या कारणाचा विचार केलेला नाही.’ “संपादकसाहेब,” ती म्हणते, “तुम्ही प्रत्येक आजारावर एकच गोळी देता. हा लेखक कारणाबद्दल बोलतच नाहीये. तो शंभर माणसांना विचारून सगळ्या गावाबद्दल बोलतोय.” मी म्हटलं, आमच्या पेपरात आम्ही दर निवडणुकीला हेच करायचो. ती म्हणाली, म्हणूनच तर तुम्हाला दिसत नाही.

मागच्या पत्रात लिहिलं होतं की ड्रॉवरमधल्या कागदाशी त्या पत्राचा संबंध नाही. ते खरं नव्हतं.

रविवारी कागद काढला. पिवळा पडला आहे. सत्तावीस जूनची तारीख, आई जाऊन अकरा आठवडे आणि तू लॉ कॉलेज सोडून सहा. तू लाल पेननं माझी चार वाक्यं अधोरेखित केली होतीस. आईचा मान राखणारी मुलगी आईची शेवटची इच्छा अर्धवट टाकणार नाही. तू वकील व्हावंस ही आईची शेवटची इच्छा होती. तू शिक्षण अर्धवट सोडलंस. म्हणजे तू आईचा मान राखला नाहीस.

आणि खाली तुझ्या अक्षरात: ‘वरील युक्तिवादात दोष कोणता?’ त्याखाली ए, बी, सी, डी, ई. पाचही पर्याय कोरे.

तेव्हा मला वाटलं होतं की तू माझी थट्टा करते आहेस. ही तू मला विचारलेली शेवटची गोष्ट आहे आणि तिचं उत्तर दिल्याशिवाय आपलं पुढं काही होणार नाही, हे समजायला मला चार वर्षं आणि एक बस ड्रायव्हर लागली.

माझं उत्तर बी: शिक्षण सोडण्यामागे तुझं दुसरं काही कारण असू शकतं, याचा मी विचार केला नाही.

तुझा,
बाबा


डलूथ, २ डिसेंबर

प्रिय सिग्रिड,

माझं उत्तर चुकलं आहे. दुजोरा तुझा. कार्डावर दोनच ओळी: ‘चूक. उत्तर न बघता पुन्हा सोडवा.’ पण पत्त्याच्या जागी या वेळी माझं नाव होतं. आपला पोस्टमन डेल ते पेटीत न टाकता दारापर्यंत घेऊन आला. “मुलीचं आहे,” तो म्हणाला, जणू मला अक्षर ओळखू येणार नव्हतं. चार वर्षांनी तू मला लिहिलंस, तेही ‘चूक’. मी ते फ्रिजवर लावलं आहे.

उत्तर न बघता पुन्हा सोडवणं म्हणजे काय, ते लुसिंडानं समजावलं. वेळ संपली की गुण मोजायचे नाहीत. तोच प्रश्न घड्याळ बाजूला ठेवून, उत्तरसूची झाकून, पहिल्यांदा बघितल्यासारखा पुन्हा करायचा. पण मला हा प्रश्न पहिल्यांदा बघितल्यासारखा दिसेना. म्हणून मी लबाडी केली. आपली गोष्ट मी एका बोटीवर नेली आणि लुसिंडाच्या कागदांत सरकवली: वडिलांचा मान राखणारा मुलगा त्यांची शेवटची इच्छा अर्धवट टाकत नाही. मुलानं बोट सांभाळावी ही म्हाताऱ्या कप्तानाची शेवटची इच्छा होती. मुलानं बोट सोडली. म्हणून त्यानं वडिलांचा मान राखला नाही. दोष कोणता?

लुसिंडानं दीड मिनिट घेतलं. मग पेन्सिल ठेवली. “छपाईची चूक असेल. यात दोषच नाही.”

मी म्हटलं, मुलाला दुसरं कारण असेल की.

“असू दे. पहिलंच वाक्य म्हणतं, मान राखणारा टाकत नाही. कुठल्याही कारणानं नाही. ते वाक्य खरं मानलं की खालचं सगळं आपोआप येतं. उडी कुठेच मारलेली नाही, एकेक पायरी उतरलाय.”

सिग्रिड, तुला खरं सांगतो, तो एक दिवस मी फार खूश होतो. बाजारातून स्मोक्ड मासा आणला. तुला पत्रही लिहिलं: माझा युक्तिवाद तज्ज्ञांकडून तपासून घेतला, तो निर्दोष आहे. पाकीट चिकटवलं, तिकीट लावलं. पेटीत मात्र टाकलं नाही. का, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. पेपरातही कधी कधी असं व्हायचं. बातमी नीट बांधलेली असायची, एक शब्द हलवता यायचा नाही, आणि तरी हात पान सोडायला तयार व्हायचा नाही.

दुसऱ्या दिवशी लुसिंडा आली ती कोट न काढताच बोलायला लागली. तो कप्तान तिच्या डोक्यातून जात नव्हता. सगळी सकाळ बस चालवताना ती त्याच्याशी भांडत होती.

“त्या म्हाताऱ्याची शेवटची इच्छा काय होती, हे सांगतंय कोण?” तिनं विचारलं.

मी म्हटलं, तो आधार आहे. आधार खरा मानून चालायचं. तुझ्याच वहीत लिहिलंय.

“परीक्षेत नाही विचारणार मी. बसमध्ये विचारते.” आणि तिनं मला बसचा नियम सांगितला. रोज दुपारी कुणीतरी पोरगं येऊन म्हणतं, मला आज पुढच्या थांब्यावर उतरव, आई म्हणाली. कधी मित्राकडे जायचं असतं, कधी घसरगुंडीवर. ‘आई म्हणाली’ हे बसमधलं सगळ्यात जास्त वेळा बोललं जाणारं वाक्य आहे. आणि नियम एकच: आईच्या हातची चिठ्ठी असल्याशिवाय पोराला दुसऱ्या थांब्यावर उतरवायचं नाही. “पोरं खोटं बोलतात असं नाही,” ती म्हणाली. “निम्म्यांना खरंच वाटत असतं की आई म्हणाली. त्यांना इतकं हवं असतं ना, की ती म्हणाल्याचं ऐकूही येतं. मी भांडत नाही. मी विचारते, चिठ्ठी कुठंय?”

मग ती कोट काढून बसली आणि म्हणाली, चला, पस्तीस मिनिटं लावा. मी घड्याळ लावलं. ते चालू करायला विसरलो होतो, हे बऱ्याच वेळानं लक्षात आलं. ती तशीच सोडवत राहिली. बोटीची गोष्ट बोटीची नाही, हे तिला कधी कळलं ते मला माहीत नाही. बहुधा दीड मिनिटातच.

पेपरात मी पोरांना शिकवायचो की दोन सूत्रांकडून दुजोरा मिळाल्याशिवाय एक ओळ छापायची नाही. आईची शेवटची इच्छा मी किती सूत्रांवर छापली, ते आठवायचा प्रयत्न करतो आहे. रविवारी रूथ मावशीकडे जाणार आहे. त्या शेवटच्या मार्चमध्ये आईजवळ दिवसा तीच असायची.

तुझा,
बाबा


डलूथ, ९ डिसेंबर

प्रिय सिग्रिड,

आईनं तुला कॉलेज सोडायला सांगितलं होतं. दुजोरा रूथ मावशीचा, काल दुपारी, टू हार्बर्सला तिच्या जेवणाच्या टेबलावर.

मी तिला सरळ विचारलं: सिग्रिडनं वकील व्हावं असं मार्गिट शेवटी म्हणाली होती का? रूथनं माझ्याकडे बघितलं आणि जंगली तांदळाचं सूप वाढता वाढता थांबली. “चार वर्षांत पहिल्यांदा विचारतोयस तू,” ती म्हणाली. “कालपर्यंत फक्त सांगायचास.”

मग तिनं सांगितलं. मार्चचा दुसरा गुरुवार. तू मिनिआपोलिसहून आली होतीस. मी पेपरात होतो. पुरवणीची पानं जायची होती आणि मी मार्गिटला म्हटलं होतं की पाचला येतो, आणि आलो सातला. त्या मधल्या वेळात तू आईजवळ रडलीस. तुला ते कॉलेज सोसत नव्हतं, आणि आई आजारी असताना ते सांगायची तुला लाज वाटत होती. रूथ खिडकीशी विणत बसली होती. मार्गिट म्हणाली, “सिग्गी, नको असेल तर सोड. तुझा बाबा कुरकुर करील. त्याला मी सांगते.”

सांगणार होती ती. पुढच्या आठवड्यात तिचं बोलणंच गेलं.

मी रूथला विचारलं, मग सिग्रिडनं मला का नाही सांगितलं? माझं ते पत्र मिळाल्यावर तरी? तू म्हणे रूथला फोन केला होतास. रूथला तुझे शब्द जसेच्या तसे आठवतात, कारण ते ऐकून ती पायरीवर बसली होती. तू म्हणालीस: “आई स्वतः सांगणार होती. तिचं राहून गेलं. आता ‘आई म्हणाली’ असं म्हणून मी बाबांशी भांडणार नाही. तूही तोंड उघडू नकोस.”

“उघडलं नाही मी,” रूथ म्हणाली. “आणि आता थकले. मासा घे.”

गाडी चालवत परत आलो. सरोवर डाव्या हाताला, कडेनं बर्फ धरायला लागलेलं. सगळ्या वाटेनं एकच गोष्ट शोधत होतो: मग मी ते ऐकलं कुठे? आणि लेस्टर नदीच्या पुलावर सापडलं. तू अकरा वर्षांची होतीस. झोपायची वेळ साडेआठ का नऊ यावरून तू आमच्याशी पाऊण तास वाद घातलास आणि जिंकलीस. तू वर गेल्यावर मार्गिट हसून म्हणाली, “ही वकील होणार बघ.” बस. एवढंच. नंतर ते पाहुण्यांना सांगायचो मी. तुझ्या शाळेत सांगायचो मी. तू कॉलेजला गेलीस तेव्हा शेजाऱ्यांना सांगितलं मी. सांगता सांगता थट्टेचं स्वप्न झालं, स्वप्नाची इच्छा झाली, आणि मार्गिट गेल्यावर ती शेवटची इच्छा झाली. चौदा वर्षांत एकदाही मी तिला विचारलं नाही, तू खरंच तसं म्हणाली होतीस का.

म्हणजे तुझ्याजवळ आईची चिठ्ठी होती आणि तू ती दाखवली नाहीस. माझ्याजवळ नव्हती, आणि मी तिच्या नावानं तुला वाटेत उतरवलं.

परीक्षेच्या नियमानं माझा युक्तिवाद निर्दोष होता. म्हणूनच तो इतका वाईट होता. परीक्षा आधाराला हात लावू देत नाही. वर्तमानपत्र मात्र आधार खरा का, हे आधी विचारायला लावतं, आणि मी त्या दिवशी पत्रकार नव्हतो.

पान दोनवर खाली डाव्या कोपऱ्यात दुरुस्तीची चौकट असायची, आठवतं? तू लहानपणी सगळ्यात आधी तीच वाचायचीस, बाबा आज कुठे चुकले ते बघायला. आज तीच लिहितो आहे.

दुरुस्ती. २७ जूनच्या पत्रात, सिग्रिड ट्वेट हिनं वकिलीचं शिक्षण सोडून आईच्या शेवटच्या इच्छेचा अनादर केला, असं म्हटलं होतं. ते चूक आहे. मार्गिट ट्वेट यांची तशी इच्छा नव्हती. ती इच्छा पत्र लिहिणाऱ्याची होती. ती त्यानं मार्गिट यांच्या नावावर छापली.

दुरुस्तीच्या शेवटी खेद व्यक्त करायचा नाही, चूक काय आणि बरोबर काय एवढंच सांगून थांबायचं, हा आमच्या पेपरातला नियम मीच केला होता. आज तो मोडतो. मला फार वाईट वाटतं, सिग्गी.

तुझा कागद सोबत परत पाठवतो आहे. ए ते डी कोरे ठेवले आहेत. ई समोर लिहिलं आहे: ‘लेखकानं स्वतःची इच्छा दुसऱ्याच्या तोंडी घालून तिलाच पुरावा मानलं आहे.’

तुझा,
बाबा


डलूथ, ११ जानेवारी

प्रिय सिग्रिड,

लुसिंडाची परीक्षा काल पार पडली. दुजोरा माझा स्वतःचा, भिंतीच्या अलीकडून.

कुत्र्यांमुळे तिनं ती माझ्या अभ्यासिकेतून दिली, कॉम्प्युटरवर. पलीकडून एक देखरेख करणारी बाई तिला कॅमेरा फिरवून खोली दाखवायला लावत होती. भिंतीवरचा नकाशा काढावा लागला. तुझ्या आईचा फोटो चालला. खोलीत दुसरं कुणी येता कामा नये, आवाज होता कामा नये. मी स्वयंपाकघरात कोट घालून बसलो, कारण घर तापवायची भट्टी सुरू झाली की नळ्या खडखडतात म्हणून मी ती बंद केली होती. नळसुद्धा सोडला नाही. बाहेर आली तेव्हा लुसिंडानं मला बघितलं आणि म्हणाली, “तुम्ही जिवंत आहात ना?” मग आम्ही भट्टी लावली आणि तिनं घरून भाजून आणलेला बटाट्याचा हॉटडिश खाल्ला. दोष शोधायच्या प्रश्नांत तिला एकच अडला म्हणे. निकाल एकोणतीसला.

आता वहीबद्दल. नाताळ होऊन गेला, कार्ड आलं नाही. डेल हल्ली आमच्या रस्त्याला आला की लांबूनच मान हलवतो, म्हणजे मला पायऱ्या उतरायला नकोत. मी तीन ओळी वहीत लिहिल्या: तिचं उत्तर आलेलं नाही. राग गेला असता तर उत्तर आलं असतं. म्हणजे तिचा राग गेलेला नाही.

लुसिंडानं माझ्या खांद्यावरून वाचलं आणि पेन्सिलीनं मधल्या वाक्याखाली रेघ मारली. “चिठ्ठी?” तिनं विचारलं.

म्हणून ते खोडलं. तुझं मौन म्हणजे काय, ते मला माहीत नाही. माहीत नाही, एवढंच माझ्या वहीत आता आहे. वाट बघायला तेवढं बस्स होतं.

थंडी उणे तीस. तुझ्याकडे ऊन असेल.

तुझा,
बाबा


डलूथ, ३० जानेवारी

प्रिय सिग्गी,

दोन बातम्या आहेत, आणि कुठली वर लावायची हे ठरवायला मला सदतीस वर्षांत कधी इतका वेळ लागला नव्हता.

तू येणार आहेस. दुजोरा तुझ्या अक्षरात. डेल काल पायऱ्या चढून आला, आणि तो हसत होता म्हणून मला पाकीट उघडायची भीती वाटली. आत तोच पिवळा कागद. ई समोर लाल पेननं बरोबरची खूण. मागच्या बाजूला: ‘बरोबर. पण वहीचा नियम अर्धाच पाळलात. चुकीचं उत्तर तुम्हाला चार वर्षं का आवडलं, ते लिहायचं राहिलं. लिहू नका. तोंडी सांगा. शनिवार, ८ फेब्रुवारी, मिनिआपोलिसहून दुपारचं विमान. तीन दिवस आहे. मला पुन्हा कॉलेजात घालायचा विषय काढलात तर दोन.’

विषय काढणार नाही. रूथला साक्षीदार ठेवलं आहे. तीही जेवायला येते आहे.

दुसरी बातमी: लुसिंडाला एकशे चौसष्ट मिळाले. एकशे ऐंशीपैकी. सकाळची फेरी संपल्या संपल्या तिनं बस डेपोत उभी करून फोन उघडला आणि तिथूनच मला लावला. आकडा तिनं मला दोनदा वाचून दाखवला. मग ती म्हणाली, अजून प्रवेश मिळालेला नाही, चांगले गुण गरजेचे असतात, पुरेसे नसतात. मी म्हटलं, आज तरी गप्प बस. तिचे अर्ज या आठवड्यात जातील. तिच्याबद्दलच्या शिफारशीचं एक पत्र मी लिहितो आहे आणि त्यातलं प्रत्येक वाक्य दोन ठिकाणी विचारून घेतलं आहे.

तू येणार म्हटल्यावर तिनं विचारलं, “तिला इथे उतरवायचं याची चिठ्ठी आहे का?” मी तुझा कागद दाखवला. तिनं तो पुढून मागून वाचला, सावकाश, आणि परत देताना म्हणाली, “हं. ही चालेल.” बस खासगी कामाला वापरता येत नाही, नाहीतर तीच तुला आणायला निघाली होती.

चुकीचं उत्तर मला का आवडलं, ते तोंडी सांगायचं आहे, म्हणून इथे लिहीत नाही. वहीत तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं. चौथ्यांदा एकच ओळ उरली, आणि ती आधी पाठवून ठेवतो, कारण तुझ्यासमोर मला ती बोलता येईल की नाही याची खात्री नाही: मार्गिटच्या नावानं बोललो की ती अजून शेजारच्या खोलीत आहे असं वाटायचं.

बाकीचं समोरासमोर.

तुझी खोली उघडून झाडली आहे. पलंगाखाली तुझे बर्फावरचे स्केट सापडले, ते धार लावायला दिले आहेत. आठ तारखेला उणे अठरा आणि संध्याकाळी हलका हिमवर्षाव, असा अंदाज आहे. गाडीत पेट्रोल भरलं आहे. तेवढ्यानं ती सुरू होतेच असं नाही, म्हणून इंजिन गरम ठेवायची वायरही आदल्या दिवसापासून लावून ठेवणार आहे.

विमान चार वाजून चाळीस मिनिटांनी उतरणं अपेक्षित आहे. विमानतळावर फोन करून विचारलं. ते म्हणाले, आठवडा आधी आम्ही काही सांगू शकत नाही. तू त्या विमानात असशील, याला माझ्याकडे एकच सूत्र आहे, तू. मी तीन वाजता तिथे उभा असेन.

तुझा,
बाबा